समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण: महाविद्यालय निवडताना नेमके काय पाहावे?

मीनल, लातूर

नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीने समाजशास्त्र घेऊन बी.ए. पूर्ण केले आहे आणि पुढे एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करायची असे तिने मनाशी पक्के ठरवले आहे. घरातून विरोध नाही, पण वडिलांनी एक प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर आम्हा दोघींनाही नीट देता आले नाही. त्यांचे म्हणणे असे, की डॉक्टर व्हायला शरीरशास्त्र शिकावे लागते, वकील व्हायला कायदा शिकावा लागतो. मग अडचणीत सापडलेल्या माणसाच्या पाठीशी उभे राहायला दोन वर्षे महाविद्यालयात जाऊन नेमके काय शिकायचे असते? ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते आणि १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर त्यांनी गावोगावी मदतीचे काम केले होते. त्यामुळे हा प्रश्न त्यांनी अडवणूक म्हणून विचारलेला नाही, हे आवर्जून सांगते.

तुळजापूरचा टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आम्हाला जवळचा आहे. पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था, अहिल्यानगरचे सी.एस.आर.डी. आणि मराठवाड्यातली एक-दोन अनुदानित महाविद्यालये यांचाही विचार चालू आहे. माहितीपत्रके वाचली तर सगळीकडे तेच विषय आणि तीच वाक्ये दिसतात. ज्यांनी हे शिक्षण घेतले आहे किंवा जे ते देतात, त्यांनी कृपया सांगावे, की दोन महाविद्यालयांतला खरा फरक कशावरून ओळखायचा.

अरुंधती, मुंबई

मीनलताई, तुमच्या वडिलांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर द्यायला मला आवडेल. मी मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करते.

आमच्याकडे वारंवार येणारी एक परिस्थिती सांगते. क्षयरोगाचा रुग्ण आहे, प्रकृती सुधारली आहे, डॉक्टरांनी घरी जाण्याची परवानगी दिली आहे आणि तरीही तो जात नाही. वॉर्डात नर्सिंगच्या मंडळींची तक्रार असते, की याने खाट अडवून ठेवली आहे. समाजसेविका त्याच्याजवळ जाऊन बसते तेव्हा हळूहळू कळते, की ज्या खोलीत तो चौघांबरोबर भाड्याने राहत होता, तिथल्या मंडळींनी आजाराचे नाव ऐकून त्याचे सामान बाहेर ठेवले आहे. शिधापत्रिका गावच्या पत्त्यावर आहे. आणि मुलीचे लग्न ठरत असल्यामुळे गावी हा आजार कोणाला कळू नये अशी बायकोची विनवणी आहे. आता या माणसाला केवळ धीर देऊन भागत नाही. गोळ्यांमध्ये खंड पडला तर आजार औषधांना दाद देईनासा होतो, म्हणून तो राहील तिथल्या आरोग्य केंद्रात त्याची नोंद हलवणे हे पहिले काम. क्षयरुग्णाच्या आहारासाठी मिळणारे निक्षय पोषण योजनेचे पैसे, जे नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा ५०० वरून १००० रुपये झाले, ते जमा होण्यासाठी बँक खाते चालू आहे का ते पाहणे हे दुसरे. खोलीतल्या सोबत्यांशी बोलायचे का, आणि बोलायचे तर रुग्णाच्या संमतीने कितपत बोलायचे, हे तिसरे आणि सर्वांत नाजूक.

यातले कायदे आणि योजना पाठ करता येतात. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, हे माहीत असले की अनेक दारे उघडतात. पण माणसाला लाज वाटणार नाही अशा रीतीने त्याचे उत्पन्न कसे विचारायचे, तो खोटे सांगत आहे असे दिसल्यावर त्याला उघडे न पाडता पुढे कसे जायचे, आणि आपल्या हातून होणार नाही ते स्पष्ट शब्दांत कसे सांगायचे, हे वाचून येत नाही. ते मी क्षेत्रकार्यात शिकले. आठवड्याचे दोन दिवस, साधारण पंधरा तास, दोन वर्षे आम्ही एखाद्या रुग्णालयात, वस्तीत, शाळेत किंवा निरीक्षणगृहात जायचो. प्रत्येक भेटीची सविस्तर नोंद लिहायचो. आणि दर आठवड्याला ती नोंद समोर ठेवून मार्गदर्शक शिक्षिका आमच्याशी एकेकट्याने बोलायच्या. विद्यार्थी याला ‘आयसी’ (इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स) म्हणतात. माझ्या मते हे शिक्षण त्या एका तासात होते, बाकीचे सर्व त्याला पूरक आहे.

इतिहासही हेच सांगतो. भारतातली समाजकार्याची पहिली संस्था १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने निघाली (हीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था), तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट होते, आणि तिचे वर्ग नागपाड्यातल्या ज्या नेबरहूड हाऊसमध्ये सुरू झाले ते वस्तीकेंद्र त्याआधीपासून तिथे काम करत होते. वस्ती आधी होती, वर्ग नंतर आला. ज्या महाविद्यालयात हा क्रम उलटा झाला आहे तिथे पदवी मिळते, पण काम येत नाही.

भालचंद्र, सोलापूर

अरुंधतीताईंचा प्रतिसाद मनापासून आवडला, तरीही माझे मत वेगळे आहे. आम्ही काही मित्र मिळून भटक्या-विमुक्तांच्या वस्त्यांमध्ये मुलांच्या शाळाप्रवेशाचे आणि जातीच्या दाखल्यांचे काम बरीच वर्षे करत आहोत. आमच्यापैकी कोणाकडेही समाजकार्याची पदवी नाही. गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला तेव्हा कोणत्या विद्यापीठाने त्यांना प्रमाणपत्र दिले होते? या महाराष्ट्रात सेवेची जी परंपरा उभी राहिली ती माणसांच्या तळमळीतून उभी राहिली, अभ्यासक्रमातून नव्हे.

आमच्याकडे दरवर्षी एम.एस.डब्ल्यू.चे विद्यार्थी येतात. त्यांच्या हातात छापील प्रश्नावली असते. “तुमचे मासिक उत्पन्न किती, घरात शौचालय आहे का” असे विचारून कागद भरतात, आमच्याबरोबर छायाचित्र काढतात आणि मार्च आला की दिसेनासे होतात. ज्या बाईने त्यांना आपल्या मुलाच्या दाखल्याची कथा सविस्तर सांगितली, ती पुढचे कित्येक महिने मला विचारत राहते, की ती पोरगी परत कधी येणार. हे शिक्षण त्या विद्यार्थिनीच्या उपयोगाचे असेल, पण त्या बाईच्या काय उपयोगाचे? तुमच्या बहिणीने एखाद्या चांगल्या संस्थेत दोन वर्षे प्रत्यक्ष काम करावे, असे मी म्हणेन. तरुणांसाठी गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेने २००६ पासून चालवलेला ‘निर्माण’ हा उपक्रमही आहे. त्यात पदवीचे बंधन आडवे येत नाही.

क्षेत्रकार्य शिक्षक

भालचंद्रराव, तुम्ही मांडलेली तक्रार मला मान्य आहे, आणि ती मान्य करूनच मी पुढचे लिहीत आहे. मी विदर्भातल्या एका समाजकार्य महाविद्यालयात शिकवतो.

गाडगेबाबांनी आयुष्य लोकांमध्ये काढले. त्यांना समाज कळला तो त्या आयुष्यभराच्या भटकंतीतून. एकवीस वर्षांच्या मुलीकडे तेवढा अवधी नसतो आणि तिच्या हातून होणाऱ्या चुकीची किंमत तिला नव्हे, समोरच्या कुटुंबाला मोजावी लागते. म्हणून ती काय पाहते, काय बोलते आणि कशावरून काय ठरवते, यावर जाणत्या माणसाची नजर असावी यासाठी हे शिक्षण आहे. तळमळ आम्ही शिकवू शकत नाही. ती नसेल तर विद्यार्थ्याने इकडे येऊच नये. तळमळ असलेल्या माणसाच्या हातूनही नुकसान होते, ते कसे टाळावे, एवढे मात्र आम्ही शिकवू शकतो.

नजर म्हणजे काय, ते एका नोंदीवरून दाखवतो. एका विद्यार्थिनीने गृहभेटीनंतर लिहिले होते: “आई मुलाच्या शिक्षणाबाबत उदासीन आहे. तिने माझ्या प्रश्नांना तुटक उत्तरे दिली.” मी समासात तीन प्रश्न लिहिले. भेट किती वाजता झाली? त्या वेळी आई काय करत होती? घरात आणखी कोण होते? आमच्या आयसीत तिने आठवून सांगितले, की भेट संध्याकाळी सहाची होती, आई चुलीपुढे होती, आणि दाराशी दीर उभा होता. मग ‘उदासीन’ हा शब्द कुठून आला, यावर आम्ही बराच वेळ बोललो. पुढच्या भेटीला ती सकाळी अकराला, आई नळावरून पाणी आणत असताना गेली आणि हंडा उचलू लागली. त्या दिवशी आईने आपणहून सांगितले, की शाळेत मुलाला मागच्या बाकावर एकटे बसवतात आणि म्हणून तो जात नाही. पाहिलेले आणि ठरवलेले यांतला हा फरक ज्याच्या अंगवळणी पडला, तो पुढे बालकल्याण समितीपुढे अहवाल लिहील तेव्हा एखाद्या मुलाला आईपासून तोडण्याआधी दहा वेळा विचार करील.

अशा सवयीतून केवढे काम उभे राहते, याचे एक उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, पण त्याचा प्रशिक्षणाशी असलेला संबंध फारसा कोणी सांगत नाही. टाटा संस्थेच्या ‘कोशिश’ या क्षेत्रीय प्रकल्पाने बिहारमधल्या निवारागृहांचे सामाजिक लेखापरीक्षण केले आणि २०१८ मध्ये अहवाल दिला. मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातले लैंगिक अत्याचार त्यातून उजेडात आले आणि जानेवारी २०२० मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने १९ जणांना दोषी ठरवले. रजिस्टरे नीट भरलेली आहेत का, एवढे पाहून परतणारा तपासनीस तिथून काहीच न घेता परतला असता. मुलींशी मोकळेपणाने बोलायला वेळ काढणे, त्या काय सांगतात आणि काय सांगायचे टाळतात याकडे लक्ष देणे आणि ते अहवालात निःसंदिग्धपणे लिहिणे, हे शिकवता येते आणि शिकवायलाच हवे.

आता दुसरी बाजू. राज्यातली अनुदानित समाजकार्य महाविद्यालये अनेक वर्षे उच्च शिक्षण विभागाऐवजी सामाजिक न्याय विभागाच्या आधाराने चालत आली. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर भार पडतो आणि एकेका शिक्षकाकडे इतके विद्यार्थी येतात, की नोंदवहीवर सही करण्यापलीकडे काही होत नाही. मग क्षेत्रकार्याची जागा कार्यक्रम घेतात: एड्स दिनाची फेरी, वृक्षारोपण, पथनाट्य, रक्तदान. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात छायाचित्रे छान दिसतात. या कार्यक्रमांना माझा विरोध नाही, परंतु वर्षभरात एकाही कुटुंबाशी सलग नाते न जोडता विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतो, याचे मला अतोनात दुःख होते. भालचंद्ररावांच्या वस्तीत येणारी मुले बहुधा अशाच महाविद्यालयांतून येत असावीत.

मीनलताई, तेव्हा माहितीपत्रक बाजूला ठेवा. महाविद्यालयात जाऊन दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठा आणि विचारा, की शेवटची आयसी कधी झाली आणि सरांनी किंवा मॅडमनी तुमच्या नोंदीत काय लिहिले. ज्याला हे पटकन आठवते, त्याचे महाविद्यालय चांगले.

सविता, बीड जिल्हा

मी मराठवाड्यातल्याच एका महाविद्यालयातून एम.एस.डब्ल्यू. केले आणि आता ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या हंगामी वसतिगृहांशी संबंधित काम करते. सरांच्या मुद्द्यात एक भर घालावीशी वाटते.

आमच्या भागात क्षेत्रकार्याचे वेळापत्रक आणि गावाचे वेळापत्रक यांचा मेळ बसत नाही. दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या ट्रॅक्टरमध्ये बसून माणसे कारखान्याकडे निघतात आणि उन्हाळा लागला की परततात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, आणि हंगामाआधी घेतलेली ‘उचल’ फिटेपर्यंत परत फिरता येत नाही. म्हणजे महाविद्यालयाचे क्षेत्रकार्य जोरात असते तेव्हा गावात म्हातारी माणसे, काही मुले आणि कुलूपबंद घरे असतात; आणि माणसे परत येतात तेव्हा विद्यार्थी परीक्षेला बसलेले असतात. आमच्या तुकडीला ज्या गावात पाठवले होते तिथे ‘महिलांचा गट स्थापन करणे’ हे उद्दिष्ट ठरले होते. गावात हिंडून पाहिल्यावर गट करण्याइतक्या बायका उरल्याच नाहीत हे दिसले, आणि उद्दिष्ट बदलावे म्हणून आम्ही मॅडमकडे गेलो. मॅडमनी ते ऐकून घेतले, ही आमची पुण्याई. त्यांनी आम्हाला मागे राहिलेल्या आजी-आजोबांशी बोलायला लावले: नातवंडांना कोण सांभाळते, आजारपणात दवाखान्यात कोण नेते, आणि शाळेची फी, वह्या, गणवेश हे कोणाच्या पैशातून होते. त्यातून हंगामी वसतिगृहाची गरज कोणत्या घरांना आहे याची यादी तयार झाली आणि ती शाळेच्या मुख्याध्यापकांनी प्रत्यक्ष वापरली.

वर्गात आम्हाला व्यक्तिसहाय्य, गटकार्य आणि समुदाय संघटन या पद्धती ज्या क्रमाने शिकवल्या, त्यामागे असे गृहीत धरलेले होते, की अडचणीतला माणूस आपणहून एका खोलीत येतो, समोरच्या खुर्चीवर बसतो आणि आपली समस्या सांगतो. केजच्या किंवा धारूरच्या बाजारात हे असे घडत नाही. तिथे बाई येते ती भावाबरोबर किंवा सासूबरोबर, बोलतो तो भाऊ, आणि गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल विचारायचे असेल तर सगळ्यांची पाठ फिरेपर्यंत थांबावे लागते. बीड जिल्ह्यातल्या या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला आणि शासनाने समिती नेमली. पण त्याआधी किती विद्यार्थी त्या गावांमधून क्षेत्रकार्य करून गेले असतील आणि त्यांच्या प्रश्नावलीत हा रकानाच नसल्यामुळे त्यांच्या लक्षातही आले नसेल, याचा विचार केला की मन अस्वस्थ होते.

म्हणून महाविद्यालयाला आणखी एक गोष्ट विचारा: विद्यार्थ्याने जागेवर पाहून उद्दिष्ट बदलायचे ठरवले तर त्याला तशी मुभा असते का?

भाषेबद्दलही सांगते. ग्रामीण महाविद्यालयांत उत्तरे मराठीतून लिहिता येतात, पण मराठीत संदर्भग्रंथ मोजके आहेत आणि मुले बाजारू गाइडांवर विसंबतात. मोठ्या संस्थांत वाचन सगळे इंग्रजीत असते. मराठी माध्यमातून आलेली मुलगी वस्तीत उत्तम बोलते आणि वर्गात गप्प राहते, असे मी पाहिले आहे. बहिणीने इंग्रजी वाचनाची तयारी आतापासून करावी, मात्र नोंदी मराठीत लिहायची परवानगी असेल तिथे त्या मराठीतच लिहाव्यात. कारण माणसाने वापरलेला शब्द जसाच्या तसा कागदावर उतरला तरच तो पुढे उपयोगी पडतो.

प्रसाद, पिंपरी-चिंचवड

थोडक्यात लिहितो. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ४९ नुसार ५०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक झाले आणि त्यामुळे पुण्या-मुंबईतली मुले कित्येक वर्षे कामगार कल्याण हा विशेष विषय घेऊन एम.एस.डब्ल्यू. करत होती. मीही त्यातलाच. पुढे २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ मुळे मोठ्या कंपन्यांना नफ्याचा २ टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करावा लागू लागला आणि कंपन्यांच्या सी.एस.आर. (सामाजिक उत्तरदायित्व) विभागात या पदवीला मागणी आली. पगार संस्थांपेक्षा बरा असतो. मात्र इथे प्रस्ताव तपासणे, निधीचा विनियोग पाहणे आणि अहवाल लिहिणे हेच मुख्य काम असते. बहिणीला माणसांबरोबर काम करायचे असेल, तर निदान पहिली काही वर्षे तिने इकडे येऊ नये. वस्ती न पाहिलेला माणूस जेव्हा वस्तीसाठीचा प्रस्ताव मंजूर किंवा नामंजूर करतो, तेव्हा काय होते ते मी जवळून पाहत आलो आहे.

गौरी, मँचेस्टर

मी मुंबईत निर्मला निकेतनमधून एम.एस.डब्ल्यू. केले आणि सध्या इंग्लंडमध्ये एका स्थानिक प्रशासनाच्या बालसंरक्षण विभागात काम करते. परदेशाचे कौतुक सांगण्याचा हेतू नाही, पण एका बाबतीत तुलना उपयोगी पडेल.

इथे ‘सोशल वर्कर’ हे नाव कायद्याने संरक्षित आहे. २०१९ च्या डिसेंबरपासून सोशल वर्क इंग्लंड ही नियामक संस्था नोंदणी करते आणि नोंदणीशिवाय कोणी स्वतःला त्या नावाने संबोधू शकत नाही. शिक्षणक्रमात २०० दिवसांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण असते. भारतात वकिलांसाठी बार कौन्सिल आहे, परिचारिकांसाठी परिषद आहे, पण समाजकार्याच्या संपूर्ण व्यवसायासाठी अशी वैधानिक परिषद नाही. व्यावसायिक संघटना ती मागणी करत आल्या आहेत. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्यात वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्यकर्त्यांचा समावेश झाला, ही मला आशादायक गोष्ट वाटते. परंतु वस्तीत, न्यायालयात, शाळेत काम करणारे त्याच्या बाहेरच राहतात.

परिषद नसल्याचा परिणाम असा, की दर्जाची जबाबदारी महाविद्यालयाच्या सचोटीवर येऊन पडते. माझी नोंदणी करताना क्षेत्रकार्याचे तास, संस्थांची नावे, कामाचे स्वरूप आणि मार्गदर्शकांचे पत्र मागितले गेले. मुंबईच्या मॅडमनी ते सर्व नीट जपून ठेवले होते म्हणून काम झाले. बहिणीने परदेशाचा विचार केला नसला तरी प्रत्येक सत्राच्या शेवटी तासांचे सही-शिक्क्याचे पत्र घ्यावे.

आणखी एक. कामाच्या ठिकाणी ऐकलेल्या गोष्टी मनात साठत जातात. मारहाण झालेल्या मुलाची मुलाखत घेऊन घरी जाणाऱ्या तरुणीला त्या संध्याकाळी कोणाशी तरी बोलता आले पाहिजे. इथे ते व्यवस्थेचा भाग आहे. भारतात मला हा आधार फक्त शिकत असताना मिळाला, आयसीच्या निमित्ताने. नोकरी लागल्यावर तो संपला.

मीनल, लातूर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वडिलांना सर्व प्रतिसाद वाचून दाखवले. सरांनी लिहिलेला संध्याकाळच्या भेटीचा प्रसंग त्यांनी दोनदा वाचायला लावला.

आम्ही दोघी दोन महाविद्यालयांत जाऊन आलो. एका ठिकाणी कार्यालयातून क्षेत्रकार्याबद्दल विचारल्यावर कार्यक्रमांचा अल्बम दाखवला गेला. दुसऱ्या ठिकाणी दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी भेटली. ती पोलीस ठाण्यातल्या महिला व बालकांसाठीच्या विशेष कक्षात जाते. तिने नोंदवही दाखवण्यास नम्रपणे नकार दिला, कारण त्यात लोकांची माहिती आहे; परंतु मॅडमनी विचारलेला एक प्रश्न तिने सांगितला: “नवऱ्याला चौकीवर बोलावण्याचा निर्णय तिचा होता की तुझा?” बहिणीने तिथेच अर्ज करायचे ठरवले आहे, शिवाय पदव्युत्तर प्रवेशासाठीची सी.यू.ई.टी. पी.जी. परीक्षाही देणार आहे.

दोन शंका उरल्या आहेत. तिला मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात रस आहे, त्यासाठी एम.एस.डब्ल्यू. पुरेसे आहे का? आणि आर्थिक अडचण आली तर हाच अभ्यासक्रम दूरशिक्षणाने करावा का?

अरुंधती, मुंबई

त्या विद्यार्थिनीने वही दाखवली नाही, यावरूनच तिचे शिक्षण योग्य चालले आहे असे म्हणायला हरकत नाही. ती जिथे जाते तसा पहिला विशेष कक्ष टाटा संस्थेनेच १९८४ मध्ये मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात सुरू केला आणि पुढे तो उपक्रम राज्य शासनाने स्वीकारला. पोलीस ठाण्याच्या आवारात बसूनही स्त्रीचा निर्णय स्त्रीकडे ठेवणे हे तिथल्या कामाचे मर्म आहे, तेव्हा मॅडमचा प्रश्न अगदी नेमका होता.

मानसिक आरोग्याबद्दल: २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मनोविकार समाजकार्यकर्त्याची व्याख्या दिलेली आहे. समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर मनोविकार समाजकार्यातील दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल., असे तिचे स्वरूप आहे. बंगळूरच्या निमहान्ससारख्या संस्थांत हे प्रशिक्षण मिळत आले आहे. एम.फिल. पदवीबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाची धोरणे अलीकडे बदलत आहेत, म्हणून त्या वर्षीची अधिसूचना पाहूनच निर्णय घ्यावा. एच.आय.व्ही. चाचणी केंद्रांतले समुपदेशक किंवा जिल्हा बालसंरक्षण कक्षातली पदे यांसाठी एम.एस.डब्ल्यू. चालते. मात्र यातल्या बहुतेक नेमणुका कंत्राटी असतात आणि मुदत संपत आली की दरवेळी नूतनीकरणाची वाट पाहावी लागते, हे तिने आधीच जाणून असावे.

दूरशिक्षणाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ज्यांना संस्थेत काम करण्याचा अनुभव आहे आणि केवळ पदवीअभावी पदोन्नती अडली आहे, त्यांनी ते जरूर करावे. बावीस वर्षांच्या मुलीने पूर्णवेळच करावे. पात्र असल्यास महाडीबीटी संकेतस्थळावर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेशाबरोबरच भरा. शुल्कापेक्षा क्षेत्रकार्याचा प्रवासखर्च जास्त टोचतो. आठवड्यातून दोनदा एस.टी.चे भाडे विद्यार्थ्याच्याच खिशातून जाते, तेव्हा त्याची तरतूद वेगळी ठेवा.

भालचंद्र, सोलापूर

माझे मूळ मत पूर्ण बदललेले नाही. पदवी नसलेल्या कार्यकर्त्याला जाहिरातीतल्या एका अटीमुळे बाजूला सारले जाते, हा अन्याय मला अजूनही अन्यायच वाटतो. मात्र सरांना एक विचारतो. आमच्याकडे पुढच्या वर्षी विद्यार्थी घ्यायचे झाले, तर त्यांनी कागद भरून परत जाऊ नये यासाठी आमच्या बाजूने काय करावे लागेल?

क्षेत्रकार्य शिक्षक

भालचंद्रराव, जाहिरातीतल्या अटीबद्दल तुमच्याशी सहमत आहे. अनुभवी कार्यकर्त्यांसाठी निवडीचा वेगळा मार्ग असायला हवा.

विद्यार्थी घेताना आधी महाविद्यालयाकडून लेखी घ्या, की तेच दोघे वर्षभर तुमच्याकडे येतील आणि मध्ये बदलले जाणार नाहीत. शिक्षकाने दर महिन्याला निदान एकदा वस्तीत यावे, अशी अट घाला. तुमच्यापैकी एका माणसाने आठवड्यातून तासभर त्यांच्याबरोबर बसावे; तो तास मिळत नसेल तर विद्यार्थी घेऊ नका. पहिला महिना प्रश्नावली हातात देऊ नका, दाखल्याच्या कामासाठी तहसील कार्यालयात तुमच्याबरोबर न्या आणि रांगेत उभे करा. प्रत्येकाकडे दोन किंवा तीनच कुटुंबे सोपवा. फेब्रुवारीपासून त्यांनी त्या कुटुंबांना आपण कधी जाणार आहोत हे सांगायला सुरुवात करावी, आणि उरलेले काम कोण पुढे नेणार त्या व्यक्तीला घेऊन त्या घरी जाऊन यावे. काम असे हाती सोपवून निघणे हा आमच्याकडे अभ्यासक्रमाचा भाग आहे आणि त्याला गुण आहेत. तुमच्याकडे आलेल्या मुलांकडून तो करून घेतला गेला नव्हता. पुढच्या वेळी त्या घरांमध्ये जाऊन आल्याची नोंद पाहिल्याखेरीज संस्थेच्या पत्रावर सही करू नका.